चीक आधी वासराला

म्हैस व्याली की शेजारीपाजारी खरवस पाठवायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण पातेले चुलीवर चढण्यापूर्वी वासराचे पोट भरले की नाही, एवढे पाहायलाच हवे.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची घडण वेगळी. तिच्यातून ही द्रव्ये पलीकडे जात नाहीत. त्यामुळे धडधाकट दिसणारे वासरूही जन्मतः रोगापुढे जवळजवळ निःशस्त्र असते. ही उणीव चीक भरून काढतो. त्यातील द्रव्ये वासराच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जातात. मात्र ही वाट सुमारे २४ तासच उघडी असते आणि तीही तासातासाने अरुंद होत जाते. दुसऱ्या दिवशी घागरभर चीक पाजला तरी गेलेली वेळ भरून येत नाही.

म्हणून ‘जार पडल्याशिवाय चीक काढू नये’ ही समजूत घातक आहे. जार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. तोवर वासरू उपाशी! उलट वासरू आचळाला लागले तर जार सुटायला मदतच होते. व्याल्यापासून तासाभरात, फार तर दोन तासांत, कास धुऊन पहिला चीक पाजावा. पहिल्या बारा तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जावा. म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून.

चीक कमी पडलेली वासरे हगवणीने, न्यूमोनियाने किंवा नाळ पिकून दगावतात, आणि घरात दृष्ट लागल्याची चर्चा चालते. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावेच. पण ते चिकाची जागा घेत नाही.

डुकरिणीच्या पिलांचेही असेच. वेत मोठे असेल तर दुबळी पिले मागे ढकलली जातात. त्यांना हाताने उचलून पुढच्या आचळांना लावावे, तिथे दूध अधिक असते.

उरलेला चीक शीतपेटीत गोठवून ठेवला तर आई मेलेल्या वासराच्या उपयोगी पडतो. तो बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावा, उकळू मात्र नये. ज्या द्रव्यांमुळे खरवस घट्ट होतो त्यांतच ही रोगप्रतिकारक द्रव्ये येतात. चुलीवर ती थिजली की वासराला त्यांचा उपयोग राहत नाही.