दुसऱ्या जन्मी तरी निवांत

सेई ही विशीतली नोकरदार तरुणी. रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम करून ती घरी पोचते आणि त्याच क्षणी जादूने एका परक्या राज्यात ओढली जाते. राज्यावरचं संकट निवारण्यासाठी तिथे एका पुण्यवतीला मंत्रविधीने बोलावलेलं असतं. प्रत्यक्षात अवतरतात दोघी. युवराज दुसऱ्या, वयाने लहान मुलीला घेऊन चालता होतो. सेईकडे ढुंकूनही बघत नाही. इथून सूडकथा सुरू व्हायला काहीच हरकत नव्हती. सेई मात्र औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत काम धरते आणि पाला खुडण्यात, औषधं तयार करण्यात, जेवणात औषधी पानं घालून बघण्यात रमून जाते.

युका ताचिबाना यांची ‘सेइजो नो मार्योकु वा बान्नो देसु’ ही कादंबरी २०१६मध्ये इंटरनेटवर क्रमशः येऊ लागली. पुढे तिचं पुस्तक झालं, चित्रकथा झाली, २०२१मध्ये ॲनिमे मालिका आली. थकलेली बाई, दुसरं जग, आवडीचं काम आणि त्या कामातून सावकाश उमलणारं प्रेम, असा जपानी वेब-कादंबरीतला एक मोठा प्रवाह या एका कथेत एकवटला आहे.

वाचकांनी घडवलेला प्रकार

ही कादंबरी जिथे अवतरली ते ‘शोसेत्सुका नी नारो’ हे संकेतस्थळ युसुके उमेझाकी यांनी २००४मध्ये सुरू केलं. तिथे कुणीही लिहावं, कुणीही फुकट वाचावं. वाचकाने कादंबरीवर खूण ठेवली की तिला २ गुण मिळतात, पसंतीचे आणखी १०पर्यंत. त्यांवर रोजची क्रमवारी ठरते आणि प्रकाशकांचं लक्ष तिच्यावर असतं. यादीत शीर्षकावरूनच गोष्ट कळावी म्हणून इथली शीर्षकं वाक्याएवढी लांब होत गेली. जादू, प्रेम, पाककृती, शेती, औषधविद्या यांची सरमिसळ वाचकांना भावली. २०१६मध्ये संकेतस्थळाने प्रेमकथांचे दोन स्वतंत्र विभागच केले: एक वास्तव जगातल्या कथांचा, दुसरा परजगातल्या कथांचा.

शीण कुठला?

याच प्रवाहातल्या किसेत्सु मोरिता यांच्या कादंबरीची नायिका आझुसा वयाच्या २७व्या वर्षी अतिकामाने मरते आणि चिरतरुण चेटकीण होऊन पुन्हा जन्मते. या जन्मी डोंगरावर निवांत राहायचं, एवढाच तिचा निश्चय. हे मरण कल्पनेतलं नाही. अतिकामाने होणाऱ्या मृत्यूंना आळा घालण्यासाठी जपानला २०१४मध्ये खास कायदा करावा लागला. कामगार कायद्यांतल्या २०१८च्या सुधारणांनी ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा घातली. तीही अपवादात्मक परिस्थितीत वर्षाला ७२० तासांपर्यंत सैल होते. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून या कादंबऱ्या वाचल्या, की त्यांतल्या संथ दिवसांचं मोल कळतं.

काम सुटत नाही

या कथांना पळवाट म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. यांतली एकही नायिका हात बांधून बसत नाही. सातोरु यामागुची यांची कातारिना आपण एका खेळातली खलनायिका होऊन जन्मलो आहोत हे ओळखते आणि हद्दपार झालोच तर पोट भरता यावं म्हणून शेती शिकते. अकुमी आगितोगी यांच्या ‘वाताशी नो शिआवासे ना केक्कोन’मधली मियो सावत्र आईच्या घरी मोलकरणीसारखी राबलेली असते. सासरी होणारा नवरा पहिल्यांदा तिच्या न्याहारीत विष असेल अशी शंका घेतो. पुढे तीच न्याहारी चाखून चांगली झाली म्हणतो, तेव्हा तिला रडू फुटतं. सेईच्या कथेतही प्रेमाची वाट तिच्या कामातूनच जाते: मरणासन्न सेनानी अल्बर्ट तिच्या औषधाने वाचतो. कष्ट नकोत, असं या बायका म्हणत नाहीत. कष्टांची कदर व्हावी आणि दिवस मावळला की काम थांबावं, एवढंच त्यांचं मागणं आहे.

या प्रवाहाची मर्यादाही खरी आहे. शांत जीवन पुष्कळदा राजवाड्याच्या आसऱ्याने मिळतं, आणि तिथल्या दासींच्या ओव्हरटाइमचा हिशेब कुणी मांडत नाही. नायिकेची सुटका होते, तिची कचेरी मात्र होती तशीच मागे राहते.

क्रमशः कादंबरीची गोडी आपल्याला ‘करमणूक’ साप्ताहिकातल्या हरिभाऊ आपट्यांपासून ठाऊक आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’ तिथेच भागाभागाने वाचली गेली आणि तिने बाईच्या घुसमटीकडे पाहायला लोकांना भाग पाडलं. आज ‘प्रतिलिपी’वर मराठीत प्रेमकथांचे भाग येत असतात. तिथे लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे: नायिकेला प्रियकर द्याच, पण तिची नोकरी, तिचा शीण आणि तिच्या हातचं कसबही कथेत येऊ द्या. निवांत जगण्यासाठी आधी मरावं लागतं, ही कल्पना ज्या समाजातल्या वाचकांना इतकी जवळची वाटते, त्या समाजाने कादंबऱ्यांना नावं ठेवण्याआधी आपल्या कचेऱ्या सुधाराव्यात.