भाकरीची ताकद कुठे राहते?

रात्री जेवून आपण झोपतो. सकाळपर्यंत पोटात काही जात नाही. तरी श्वास चालू असतो, हृदय चालू असते. मग ही ताकद येते कुठून?

भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा. तो गोड लागू लागेल. आपल्या लाळेत एक पदार्थ असतो, तो पिठाची साखर करतो. अशा पदार्थाला विकर म्हणतात. पुढे आतड्यातही निरनिराळी विकरे असतात. ती अन्नाचे बारीक कण करतात. मग साखर रक्तात मिसळते.

घरात धान्य आले की आपण काय करतो? रोजचे डब्यात ठेवतो, बाकीचे कणगीत भरतो. शरीरही तसेच करते. लागेल तेवढी साखर लगेच वापरते. उरलेली यकृतात व स्नायूंत ठेवते. हा झाला डबा. यकृतातला साठा सुमारे १०० ग्रॅम असतो. काहीच खाल्ले नाही तर तो दिवसभरात बहुतेक संपतो. त्याहून जास्त उरले की त्याची चरबी होते. ही झाली कणगी. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून ९.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनले आहे. चुलीत लाकूड भडकन जळते. पेशीत साखर तशी जळत नाही. ती पायरीपायरीने मोडते, आणि दर पायरीला वेगळे विकर लागते. एका कुलपाला एकच किल्ली, तसे एका कामाला एक विकर. ही उपमा जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली दिली. किल्ली वापरून झिजत नाही. विकरही काम करून पुन्हा मोकळे होते. सुटलेली ताकद एटीपी नावाच्या पदार्थात भरली जाते. तीवर आपला हात उचलतो, डोळा लवतो.

आता विचार करा. मेंदूला साखर सतत लागते. लहान मुलाचा डबाही लहानच. उपाशी मूल शाळेत पेंगते, ते आळशी म्हणून नव्हे! त्याला चार घास खाऊ घालूनच पाठवावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास धरूच नये. औषधाने रक्तातली साखर उतरते. वर पोट रिकामे, मग घेरी येते, जिवावरही बेतते.

घास नीट चावा, वेळेवर जेवा. बाकीचे काम आपली विकरे न सांगता करतात.