ताटावरून धर्म ओळखावा काय?



"भगवान बुद्धांनी तर अहिंसा सांगितली, मग तुमच्या घरी मटण कसे शिजते?" असा प्रश्न इंद्रवेल्लीच्या एका बौद्ध कुटुंबातील मुलीला मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीने विचारला. विचारणारीच्या मनात वाकडे काही नव्हते. परंतु उत्तर न सुचल्यामुळे ही मुलगी दुसऱ्या दिवसापासून डबा झाकून खाऊ लागली, आणि आठ दिवसांनी तिने आजीला बजावले, "डब्यात सुकटीची चटणी देत जाऊ नकोस." आजी काही बोलली नाही, पण नातीने आपल्या हातचे अन्न लाजेने नाकारले, हे तिच्या जिव्हारी लागले. त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर आपण शांतपणे शोधू या.

इंद्रवेल्ली आज तेलंगणात आहे. पण आदिलाबाद जिल्ह्याच्या या भागात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९५६ सालापर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या हैदराबाद राज्यात होता, आणि आज महाराष्ट्रात असलेले राजुरा व किनवट हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, या जिल्ह्याच्या शेजारी चंद्रपूर येथे दुसरा दीक्षा समारंभ झाला. पुढे १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले व इंद्रवेल्ली आंध्र प्रदेशात आली. सीमा बदलल्या, पण घरची भाषा आणि दीक्षेचा संस्कार बदलला नाही.

दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या अन्नाच्या दृष्टीने वाचून पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. मांस किंवा मासे खाऊ नयेत अशी प्रतिज्ञा मात्र त्यांत नाही. म्हणजे दीक्षेने स्वयंपाकघरात बदल घडविला तो असा : देवीपुढे कापावयाचा कोंबडा बंद झाला, पितरांचे जेवण बंद झाले, मद्य बंद झाले. चूल तीच राहिली. परंतु भीतीपोटी किंवा नवसापोटी तिच्यावर जे शिजत असे, ते थांबले.

याहून मोठा त्याग तर दीक्षेच्या एकोणतीस वर्षे आधीच सुरू झाला होता. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या समाजाला मृत जनावरांचे मांस आणि गावकऱ्यांचे उष्टे-शिळे अन्न सोडण्याचा उपदेश केला. हे मांस लोक आवडीने खात होते असे कोणी समजू नये. गावात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम जातीने गळ्यात बांधलेले होते, पोटाला पुरेसे धान्य नव्हते, आणि मिळालेले मांस टिकावे म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवून ठेवाव्या लागत. मराठवाड्यात त्यांना 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. महाडच्या उपदेशाचा रोख मांसावर नसून लाचारीवर होता. मनुष्याने स्वकष्टाचे, ताजे आणि ताठ मानेने मिळविलेले अन्न खावे, हा त्याचा अर्थ.

आता खुद्द भगवान बुद्धांचे म्हणणे पाहू. राजगृहाचा प्रसिद्ध वैद्य जीवक याने त्यांना हाच प्रश्न विचारल्याचे मज्झिमनिकायात सांगितले आहे. भगवंतांचे उत्तर असे, की भिक्षूने आपल्यासाठी प्राणी मारला जाताना पाहिला असेल, तसे ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर ते मांस त्याने घेऊ नये. एरव्ही भिक्षापात्रात जे पडेल ते घ्यावे. पुढे सर्व भिक्षूंना मत्स्यमांस कायमचे वर्ज्य करावे अशी मागणी देवदत्ताने केली, ती भगवंतांनी मान्य केली नाही. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात तर असे प्रतिपादन आहे, की खरी दुर्गंधी मांसाची नसून हिंसेची, चोरीची, असत्याची आणि कपटाची असते.

तथापि यावरून बुद्धांना प्राणिहिंसेचे काही वाटत नव्हते असा उलटा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पंचशीलातील पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, आणि उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मांसाचा व्यापारही येतो. सम्राट अशोकाने गिरनार येथील पहिल्या शिलालेखात कोरून ठेवले आहे, की पूर्वी राजाच्या पाकशाळेसाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, हरिण तर नेहमी नाही, आणि पुढे हेही थांबेल. चक्रवर्ती राजाने आपल्या स्वयंपाकघराचा असा प्रांजळ हिशेब प्रजेपुढे मांडावा, हे विशेष होय.

बौद्ध जगातही ताट एकसारखे नाही. श्रीलंकेत मासे खाल्ले जातात. तिबेटच्या थंड पठारावर भाजीपाला थोडा, म्हणून तेथे मांसाशिवाय भागत नसे. चीनमध्ये सहाव्या शतकात लियांग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्षूंना मांस वर्ज्य केले, आणि तेथील विहारांत शाकाहाराची परंपरा रुजली. लंकावतार सूत्रासारखा महायान ग्रंथ मांसाहाराचा स्पष्ट निषेध करतो. तरी हे सर्वच बौद्ध होत.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात या कोड्याची उकल केली आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करावयास लावते. अहिंसा हे तत्त्व आहे. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी; हा भेद प्रत्येकाने आपल्या विवेकाने करावयाचा आहे.

इंद्रवेल्लीच्या आसपास या विवेकाचे एक सुंदर उदाहरण आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर रानात मोहाची फुले गळतात. त्यांची दारू होते, ती बौद्धाला वर्ज्य. परंतु जवळच उटनूर येथे आदिवासी भगिनी त्याच फुलांचे पौष्टिक लाडू करतात, ते कोणीही आनंदाने खावे. फूल एकच, दोष फुलात नसून त्याच्या वापरात आहे. अंबाडीचेही तसेच. मराठी घरात तिची भाजी होते, तेलुगू घरात गोंगुऱ्याची चटणी होते. जिभेला ठाऊक असलेली ही चव कोणत्याही एका धर्माची नाही. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी आणलेली सुकट हा पूर्वजांचा ठेवा आहे. कष्टाच्या मिळकतीतून त्यांनी तो जपला. वैशाख पौर्णिमेला सुजातेची आठवण म्हणून जी खीर होते, ती याच चुलीवर होते.

शेवटी त्या मुलीकडे वळू. तिच्या वडिलांनी तिला वरील हकीकत समजावून सांगितली. मग तिने आजीला विचारले, "आपण काय काय सोडलं गं?" आजी म्हणाली, "मेलेलं सोडलं, मागून आणलेलं सोडलं, दारू सोडली, कोंबड्याचा नवस सोडला. माह्या बापानं सोडलं ते आम्ही पुन्हा घरात येऊ देलं नाही, माय. आता तुले काही सोडाचं असन तर सोड. पण लाजून सोडू नको."

या उत्तरात आपल्या विषयाचे सार आले आहे. एखाद्याने करुणेने मांस सोडले, तर ते त्याला शोभून दिसते. एखाद्याने वडिलार्जित अन्न कृतज्ञतेने खाल्ले, तरी त्याचे बौद्धपण उणे होत नाही. परंतु दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याला कमी लेखणे, किंवा दुसऱ्याच्या भीतीने आपले ताट लपविणे, ही दोन्ही कृत्ये समतेच्या धम्माला धरून नाहीत. ती मुलगी पुढे काय खाऊ लागली, हे मी तिला विचारले नाही. आता ती डबा उघडा ठेवून मैत्रिणींबरोबर जेवते, एवढे मात्र मला ठाऊक आहे.