लहान मेंदू : हालचालीचा आणि विचाराचा तोल

काही वर्षांपूर्वी स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तयारी चालू असताना आमच्या वसतिगृहातील इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी रांगेतून सारखा बाहेर पडू लागला. वळण्याची आज्ञा झाली की त्याचे धड वळे, पाय मात्र मागे राहत आणि तो शेजाऱ्याच्या अंगावर कलंडे. भोजनगृहात त्याच्या हातून वरणाची वाटी दोनदा सांडली. जूनमध्ये नेटके असलेले त्याचे अक्षर ऑगस्टमध्ये ओळ सोडून खाली उतरू लागले. आम्ही त्याला धांदरट म्हटले. बोलताना त्याची जीभ जड होते असे लक्षात आले, तेव्हा संशय अधिकच बळावला आणि खर्ऱ्याची पुडी सापडेल या अपेक्षेने आम्ही त्याचे खिसे तपासले. खडूच्या तुकड्याखेरीज त्यांत काहीच निघाले नाही. ‘‘सर, हात आयकतच नाही माहा,’’ एवढेच तो म्हणाला. आम्ही ते उलट उत्तर समजलो.

वस्तुतः त्याने आपल्या आजाराचे अचूक वर्णन केले होते. ते आम्हांला का कळले नाही, हे सांगायचे तर डोक्याच्या मागील भागात, मानेच्या किंचित वर असलेल्या एका अवयवाची ओळख करून घ्यावी लागेल.

पाठ्यपुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात, बोलीभाषेत लहान मेंदू. त्याच्याविषयी एक-दोन वाक्ये असतात, तोल सांभाळणे आणि हालचालींत समन्वय राखणे, आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात. वजनाने तो संपूर्ण मेंदूचा सुमारे दहावा हिस्सा. परंतु 2009 साली ब्राझीलमधील संशोधकांनी मानवी मेंदूतील चेतापेशींची मोजदाद प्रसिद्ध केली, तीत एकूण सुमारे 86 अब्ज पेशींपैकी सुमारे 69 अब्ज या लहान मेंदूत आढळल्या. त्यांतील बहुतेक अतिसूक्ष्म आहेत. त्यांच्यामध्ये फांद्या पसरलेल्या झाडासारख्या काही मोठ्या पेशी ओळीने मांडलेल्या दिसतात. 1837 मध्ये चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या पुर्किन्ये पेशी. लहान मेंदूच्या पृष्ठभागावरील सारा हिशेब शेवटी याच पेशींमधून बाहेर पडतो. त्या गेल्या की हिशेब बिघडतो.

हा हिशेब कशाचा? कापूस वेचणाऱ्या बाईचा हात पाहावा. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांना न लागता बोटे नेमकी सरकीसह कापसाला भिडतात, ओढतात आणि तोवर डोळे पुढच्या बोंडाकडे गेलेले असतात. ‘हात पुढे कर’ हा आदेश मोठा मेंदू देतो. हात किती पुढे जावा, कुठे मंदावावा, नेमका केव्हा थांबावा, याचे माप मात्र लहान मेंदू पुरवतो. स्नायूंकडून, सांध्यांकडून, कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांकडून आणि डोळ्यांकडून येणारी वार्ता तो क्षणोक्षणी मूळ आदेशाशी ताडून पाहतो आणि चूक घडण्यापूर्वीच दुरुस्ती धाडतो. सवयीने हात बसतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो बसवण्याचे पुष्कळसे काम येथे झालेले असते.

म्हणूनच लहान मेंदूला इजा झाली तर पक्षाघातासारखा हात लुळा पडत नाही. शक्ती बहुधा शाबूत राहते, माप जाते. वाटी धरायला निघालेला हात वाटीच्या पुढे तरी जातो किंवा अलीकडेच थांबतो. स्वस्थ बसले असता नसलेला कंप वस्तूजवळ पोहोचताना वाढतो. भाकर थापताना होते तशी, तळवा उलटसुलट करण्याची जलद हालचाल अडखळते. पाय फाकवून चालावे लागते. बोलणे तुटक होते, कारण जिभेच्या हालचालीलाही माप लागते. डोळे एका बाजूला नेले की ते थरथरतात. इजा एकाच बाजूला असेल तर त्रास शरीराच्या त्याच बाजूला होतो. मोठ्या मेंदूचा नियम याच्या उलट आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम करणारे गॉर्डन होम्स यांनी डोक्याच्या मागील भागात गोळ्या लागलेल्या सैनिकांची अत्यंत बारकाईने तपासणी केली. वरील लक्षणांची शास्त्रशुद्ध मांडणी बव्हंशी त्यांचीच. उजव्या बाजूला इजा झालेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले होते की डावा हात आपोआप चालतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. सातवीतल्या आमच्या विद्यार्थ्याचे वऱ्हाडी वाक्य त्याहून फार निराळे नव्हते.

महाराष्ट्राचे नाव या विषयाशी कायमचे जोडले गेले ते डॉ. नोशीर वाडिया यांच्यामुळे. लंडनला शिक्षण घेऊन 1957 च्या सुमारास ते मुंबईस परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभारला. तेथे त्यांच्याकडे एकाच घरातील अनेक माणसे येऊ लागली. त्या सर्वांचे चालणे लटपटते, बोलणे तुटक, हात मापात नाहीत. डॉ. वाडियांनी त्यांचे डोळेही निरखले. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर विजेसारखी उडी मारते. या रुग्णांची नजर मात्र संथपणे, ओढत नेल्यासारखी सरकत असे. हा दोष लहान मेंदूला लागून असलेल्या मस्तिष्कस्तंभातला. 1971 मध्ये डॉ. वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचे वर्णन ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि हा एक स्वतंत्र आनुवंशिक आजार असल्याचे मांडले. 1996 साली बाराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक सापडले. त्या जनुकातील तीन अक्षरांचा एक तुकडा वाजवीपेक्षा अधिक वेळा गिरवला जातो, एवढाच तो दोष. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असला की प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि पुढच्या पिढीत आजार अनेकदा लवकरच्या वयात दिसू लागतो. क्यूबाच्या ओल्गिन प्रांतात याच आजाराची कुटुंबे फार मोठ्या संख्येने आढळली आहेत. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या ‘घराण्याला शाप आहे’ असे बोलले गेले असेल, त्यांना कारण कळणे ही केवढी गोष्ट आहे! औषध अद्याप हाती नाही. व्यायाम, आधार आणि योग्य सल्ला मात्र देता येतो.

येथवर हालचालींविषयी झाले. लहान मेंदूचा विचारशक्तीशी काही संबंध नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. हा समज बदलण्यास जेरेमी श्माहमान व जॅनेट शर्मन यांचा 1998 मधील अभ्यास मुख्यतः कारण झाला. केवळ लहान मेंदूतच बिघाड असलेल्या वीस रुग्णांची त्यांनी बोस्टन येथे तपासणी केली. कामांचा क्रम लावणे, एका विचारावरून दुसऱ्यावर जाणे, नेमके शब्द आठवणे, जागेचा अदमास घेणे या गोष्टी त्यांपैकी अनेकांना जड जात होत्या. काहींच्या भावना बोथट झाल्या होत्या, काहींचे वागणे प्रसंगाला न शोभणारे झाले होते. लहान मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया झालेली काही मुले तर एक-दोन दिवसांत बोलणेच बंद करतात. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाचा परतते, ती पुष्कळदा संथ व अडखळत. हाताला जसे माप लागते तसेच विचारालाही लागत असावे, असे श्माहमान मानतात. आम्हांला ही कल्पना पटते. फळ्यावरचे गणित समजूनही पायऱ्यांचा क्रम चुकवणाऱ्या मुलाकडे पाहताना ती आठवते. अर्थात क्रम चुकवणारे प्रत्येक मूल आजारी असते असा याचा अर्थ नव्हे.

आमच्या भागात आणखी एका कारणाची जाणीव असणे अगत्याचे आहे. नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. उष्माघातात शरीराचे तापमान 40 अंशांवर जाते आणि वर उल्लेखिलेल्या पुर्किन्ये पेशी उष्णतेला विशेष नाजूक असतात. जीव वाचतो, पण काहींचे चालणे-बोलणे कायमचे लटपटते राहते. भर उन्हात बांधावर झोकांड्या खाणारा, असंबद्ध बोलणारा माणूस दिसला की दारूबंदीच्या आपल्या जिल्ह्यातही लोकांना प्रथम दारूच आठवते. दारू लहान मेंदूला बाधते हे खरे. दीर्घकाळच्या व्यसनाने त्याचा मधला भाग झिजतो आणि पाय कायमचे अस्थिर होतात. पण तेवढ्यावरून प्रत्येक झोकांडीचा निवाडा करता येत नाही. त्या माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. देह जितका वेळ तापलेला राहील तितक्या अधिक पेशी जातात.

आता त्या विद्यार्थ्याचे. डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या नाकाला व त्यांच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला लावले, तळवे उलटसुलट करायला लावले, टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालवले. डोळे थरथरत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘औषध कोणते चालू आहे?’’ त्याला लहानपणापासून फिट येत आणि त्यासाठी फेनिटॉइनच्या गोळ्या चालू होत्या. रात्री निजताना गोळी घ्यायची, असे आईने त्याला घरून निघताना बजावले होते. ती तो आपल्या पेटीतून घेई. आणि जेवणानंतर आम्हीही त्याला कपाटातील गोळी देत होतो. दोन महिने मात्रा दुप्पट जात होती. या औषधाची मात्रा जरा वाढली तरी रक्तातील प्रमाण पुष्कळ वाढते आणि त्याचा पहिला घाला लहान मेंदूच्या कामावर पडतो. तसेच फार काळ चालले तर पेशी कायमच्या जाऊ शकतात. गोळी मनाने एकदम बंद करणेही घातक, कारण मग फिटी उसळतात. म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली मात्रा खाली आणली.

पुढील महिनाभरात त्याचे पाय रांगेत आले. अक्षराला थोडा अधिक वेळ लागला. आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो संकोचून नुसता हसला. त्या वर्षापासून प्रवेशाच्या दिवशी पालकांसमक्ष पेट्या उघडून औषधांची नोंद होते, सर्व गोळ्या एकाच कपाटात राहतात, आणि कोणती गोळी कोणी, किती वाजता दिली याखाली देणाऱ्याची स्वाक्षरी असते.