मागे राहा, बक्षीस मिळवा!

नाताळची सुट्टी लागली की वसईच्या पापडीतल्या घरांत माणसं मावत नाहीत. परगावी, परदेशी गेलेली मंडळी परततात. येशूजन्माचे गोठे सजतात, मांसाचा इंद्याल मुरतो, तळलेल्या फुग्यांचा घाणा रात्री उशिरापर्यंत उतरत राहतो. मग सव्वीस तारखेला सगळ्यांना एकच चिंता: एवढं खाल्लेलं जिरवायचं कुठे? त्यावर एक झकास उपाय आहे. घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि दोस्तांची मिळून एक मौजेची शर्यत काढायची. ‘आमच्याकडे कुणी पळणारं नाही हो’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा खुराक.

सहा जण पुष्कळ झाले

अमेरिकेतल्या बफेलो शहरात १८९६ साली ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुट्टीला वायएमसीएने आठ किलोमीटरची शर्यत ठेवली. धावायला उभे राहिले सहा जण आणि शेवटापर्यंत पोचले चार! आज ‘टर्की ट्रॉट’ या नावाने तिथे हजारो लोक पळतात, आणि त्या दिवशी देशभरात अशा शर्यती होतात. तेव्हा तुमच्या वाडीतून सहा जण निघाले, तर सुरुवात बफेलोच्या तोडीची झाली म्हणायची.

आपल्याकडे म्हातारा, त्यांच्याकडे धाव

एकतीस डिसेंबरला वसईत गल्लोगल्ली सरत्या वर्षाचा पुतळा, म्हणजे ‘म्हातारा’ जळतो. ब्राझीलच्या साओ पाउलोत त्याच दिवशी लोक बूट बांधून रस्त्यावर उतरतात. ३१ डिसेंबर हा संत सिल्वेस्टर यांचा सण, म्हणून शर्यतीचं नाव ‘साओ सिल्वेस्ट्रे’. सुरुवात १९२५ची. पूर्वी ती रात्री व्हायची, आता सकाळी होते. अंतर १५ किलोमीटर. पापडीकरांनी सकाळी धावून रात्री म्हातारा जाळायला काहीच हरकत नाही!

तवा सांभाळून पळा

इंग्लंडमधल्या ओल्नी गावात उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बायका हातात तवा घेऊन पळतात. तव्यात पॅनकेक, अंगावर एप्रन, डोक्याला रुमाल. सुरुवातीला आणि शेवटी पॅनकेक हवेत उडवून तव्यातच झेलायचा. अंतर ४१५ यार्ड, म्हणजे जेमतेम ३८० मीटर. परंपरा १४४५पासूनची असं गावकरी सांगतात. आपल्याकडे घावन चालेल. फक्त ते आधी तव्यावरून सुटायला हवं.

अंतराचा बाऊ नको

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच का? १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. मधलं अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१मध्ये तेच कायमचं ठरलं. राजघराण्याच्या सोयीने जगाचं अंतर ठरत असेल, तर आजीच्या अंगणापासून बावखलाच्या तळ्यापर्यंतचं अंतर तुमच्या शर्यतीला का चालू नये?

बेळगावचा गडी

१९१९च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी खेड्यातली पोरं अनवाणी धावताना पाहिली आणि मनावर घेतलं. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. गंमत म्हणजे ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब! म्हणजे आपल्या गड्याने आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच तुडवला. वेळ, २ तास ५० मिनिटं.

घरचं मैदान

वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. कोविडची खोट सोडली, तर डिसेंबर आला की वसईकर तिची वाट बघतात. मुंबई मॅरेथॉन त्याआधीची, २००४ची. तिच्यातली सगळ्यात गर्दीची धाव कुठली? ‘ड्रीम रन’. सहा किलोमीटरला थोडी कमी, आणि तिच्यात ना वेळ मोजतात ना नंबर काढतात. कुणी नऊवारीत, कुणी मावळा होऊन, कुणी नुसतंच गप्पा मारत जातं. नंबर नाहीत म्हटल्यावर गर्दी वाढते, ही गोष्ट आपल्या शर्यतीसाठी गाठीला बांधून ठेवावी.

शेवट आला, पण ५४ वर्षांनी

जपानचे शिझो कानाकुरी १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावत होते. उन्हाने बेजार झाले, वाटेतच थांबले आणि आयोजकांना न कळवता परस्पर मायदेशी गेले. १९६७मध्ये स्वीडनने त्यांना बोलावून घेतलं आणि उरलेली शर्यत पुरी करायला लावली. अधिकृत वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडंही झाली. पहिला कोण आला होता, हे आज किती जणांना आठवतं?

पाणबुड्याचा पराक्रम

२००२च्या लंडन मॅरेथॉनमध्ये लॉइड स्कॉट हे गृहस्थ जुन्या पाणबुड्याचा पोशाख घालून उतरले. पोशाखाचं वजन ५० किलोंच्या वर. शर्यत संपवायला पाच दिवसांहून अधिक लागले. ते हे ल्युकेमियाग्रस्तांसाठी निधी जमवायला करत होते, आणि स्वतः त्या आजारातून उठलेले होते. आपल्याकडे सांताक्लॉजचा झगा पुरेल. डिसेंबरातही नऊनंतर वसईचं ऊन पाठ भाजतं.

बोलता येतंय ना?

वेग बरोबर आहे की नाही, हे कळायला घड्याळ नको. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं, की वेग ठीक. दोन शब्दांत धाप लागली, की आवरतं घ्या. आणि ताकदीसाठी महागडी पाकिटं कशाला? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की वसईची सुकेळी तयार. गोड, चिवट, खिशात मावणारी. फक्त पळता पळता चघळू नका, ठसका लागेल.

तीन पायांचं शास्त्र

शर्यतीचा राजा म्हणजे तीन पायांची जोडी, आणि ती बांधण्यातच खरी मेख. सुतळी नको, काचते. जुनी ओढणी घ्या. घोट्याच्या जरा वर, एक बोट आत जाईल इतपत सैल गाठ मारा. हात एकमेकांच्या कमरेवर. पहिलं पाऊल बाहेरच्या पायाचं, दुसरं बांधलेल्या पायाचं. तोंडाने ‘बाहेर, आत, बाहेर, आत’ म्हणत राहायचं. उंच मामा आणि बुटकी भाची अशी जोडी असेल, तर पाऊल भाचीच्या मापाचं. मामा आपल्या मापाने गेला, की दोघं मातीत!

आता पापडीची शर्यत

रस्त्यावर गाड्या असतात, म्हणून मैदान किंवा वाडीतली वाट धरा, आणि सकाळी लवकर सुरू करा. नियम एकच, पण नामी. आदल्या दिवशी प्रत्येकाला ते अंतर एकदा तुडवायला लावा आणि वेळ टिपून ठेवा. आजीला वीस मिनिटं लागली आणि भाच्याला आठ, तर आजीला आधी सोडा आणि भाच्याला बारा मिनिटांनी. मग हिशेबाने सगळे जवळजवळ एकदमच पोचतात आणि आजीसुद्धा जिंकू शकते. आदल्या दिवशी मुद्दाम रेंगाळून जास्त वेळ लावणारा एखादा चलाख काका निघतोच. त्याच्यासाठी पंच म्हणून घरातली सर्वात लहान मुलगी नेमा, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पहिल्याला टाळ्या, शेवटच्याला केकचा मोठा तुकडा. निकालावरून जेवताना भांडण झालं, तर समजा, पुढच्या वर्षीची शर्यत पक्की!