गाडीची किल्ली आणि घरातील वडीलधारे

लोअर परळमध्ये सायंकाळ होऊ लागली की सेनापती बापट मार्गावर दोन प्रकारची घाई एकत्र येते. कचेऱ्या सुटलेल्या असतात आणि त्याच वेळी सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार पाळू इच्छिणारे ज्येष्ठ व्यापारी पेढीवरून निघालेले असतात. पश्चिमेकडे वळताच मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि डाव्या-उजव्या बाजूंनी दुचाकी पुढे घुसतात. अशा वेळी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ स्वतः गाडी चालवत असतील, तर घरच्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात. ‘आता गाडी चालवू नका,’ हे वडिलांना कोणी आणि कसे सांगावे, हा प्रश्न मनात असतो. पण तो उच्चारण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणारी एक विद्याशाखा भारतात प्रथम रुजली, ती याच परिसरात. लोअर परळपासून जवळच असलेल्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या आणि भारत हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारताचाही समावेश होता.

‘व्यवसाय’ या शब्दाचा येथील अर्थ व्यापारापुरता नाही. स्नान, भोजन, देवदर्शन, हिशेब, प्रवास अशी माणसाच्या दिवसाला अर्थ देणारी सर्व कामे त्यात येतात. आजार किंवा वय यांमुळे ती अवघड झाली, तर ती पुन्हा सुरक्षितपणे कशी करता येतील, हे व्यवसायोपचारक पाहतो. गाडी चालवणे हे त्यांपैकीच एक, आणि फार गुंतागुंतीचे काम आहे.

परदेशांत या विषयावर बरेच संशोधन झाले असून, केवळ वय पाहून निर्णय करू नये, हे त्याचे मुख्य सार आहे. साठीचा एखादा चालक धोकादायक ठरू शकतो आणि पंचाहत्तरीचा एखादा सावधपणे चालवू शकतो. म्हणून दृष्टी, मान वळण्याची मर्यादा, पाय ब्रेकवर नेण्याची गती, एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता, स्मरण आणि निर्णयशक्ती यांची स्वतंत्र तपासणी होते. कागदावरील अंक व अक्षरे आळीपाळीने क्रमवार जोडणे, घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवणे, अशा साध्या चाचण्यांतूनही पुष्कळ कळते. शेवटची परीक्षा मात्र प्रत्यक्ष रस्त्यावरच होते. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. निर्णयाला लागलेला एक जादा सेकंद पादचाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

आपल्या कायद्यानुसार चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. परंतु पाच वर्षांत पुष्कळ काही बदलते. म्हणून खरी देखरेख घरातूनच व्हायला हवी. इमारतीच्या आवारात गाडीला वारंवार ओरखडे पडणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, ब्रेक उशिरा लागणे, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांत गोंधळ होणे ही लक्षणे दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रस्ते असे बदलतात, तेव्हा केवळ सवयीच्या बळावर गाडी हाकणाऱ्याची कसोटी लागते.

काही दोष सहज दूर करता येतात. छाती आणि स्टिअरिंग यांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर असावे. नजर स्टिअरिंगच्या वरून मोकळेपणाने पुढे जावी. गरज भासल्यास आसन उंच करावे. मोतीबिंदूची तपासणी वेळेवर करावी. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या औषधांनी सुस्ती येते, हे ध्यानात ठेवावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवास किंवा आयंबिल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. रक्तातील साखर उतरली तर भान हरपू शकते. चौविहाराची वेळ गाठायची असेल, तर पेढीवरून अर्धा तास आधी निघावे.

तरीही गाडी सोडण्याची वेळ येतेच. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी स्मरण व आकलन यांची चाचणी द्यावी लागते. स्वेच्छेने परवाना परत करण्याची सोयही तेथे १९९८ पासून आहे. मात्र गाडी सोडलेल्या वृद्धांत नैराश्याची लक्षणे अधिक दिसतात, असेही अनेक अभ्यास सांगतात. किल्ली काढून घेतली आणि पर्याय दिला नाही, तर देरासर, पेढी, स्नेहीमंडळी सारेच दुरावते. म्हणून किल्लीआधी पर्यायाची व्यवस्था व्हावी. विमा, इंधन, दुरुस्ती आणि पार्किंग यांचा वर्षाचा खर्च मांडावा. त्या रकमेत टॅक्सीच्या किती फेऱ्या होतात किंवा चालक किती तास ठेवता येतो, हे वडिलांनीच आपल्या हाताने वहीत लिहावे. आयुष्यभर ताळेबंद मांडलेल्या माणसाला हा हिशेब उमगायला वेळ लागत नाही.

हा विषय चारचौघांत, विशेषतः सुनांसमोर वा नातवंडांसमोर काढू नये. मुलाने एके दिवशी वडिलांच्या शेजारी बसून प्रवास करावा, जे पाहिले ते एकांतात आदराने सांगावे आणि तपासणीसाठी स्वतः सोबत जावे. निर्णय वडिलांच्या मुखातून आला, तर त्यांचा मान राहतो.

साधु-साध्वी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. आपल्या चालण्याने लहानशा जीवालाही इजा होऊ नये, ही ईर्यासमितीमागील दृष्टी. चाकांच्या गतीला चार हात पुरत नाहीत. तेथे नजर कितीतरी दूर पोहोचावी लागते. ती पोहोचत नाही असे ज्या दिवशी जाणवेल, त्या दिवशी स्वतःहून किल्ली खाली ठेवणे हीसुद्धा अहिंसाच होय.