मुलं संगणकशास्त्र शिकायचं म्हणतात, तेव्हा...



बारावीचा निकाल लागला की आमच्या गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास निघतो : "पोरगी कॉम्प्युटर शिकायचं म्हणते, पुण्याला घालावं का?" कुणी उसाच्या बिलावर भिस्त ठेवतो, कुणी एखादा एकर विकायला निघतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, संगणक चालवणे वेगळे आणि संगणकशास्त्र वेगळे. एम.एस.सी.आय.टी. केली की पत्र टाइप करता येते, तक्ता भरता येतो. शास्त्र त्याच्या पुढचे आहे. एक उदाहरण घेऊ. रजिस्टरात १०,००० सभासदांची नावे अकारविल्हे लिहिली आहेत. पहिल्या पानापासून शोधत गेलात तर दहा हजारावे नाव सापडेपर्यंत दिवस जाईल. त्याऐवजी रजिस्टर मधोमध उघडा. हवे ते नाव अलीकडे की पलीकडे, एवढेच बघा आणि निम्मे रजिस्टर सोडून द्या. उरलेल्याचे पुन्हा तसेच करा. १०,००० चे ५,०००, मग २,५००. असे करत फार तर १४ वेळा बघून नाव सापडते. मात्र नावे क्रमाने लावलेली पाहिजेत. लागण तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लावणे, काट्यापुढची गाड्यांची रांग, हेही त्या शास्त्रातले धडेच. म्हणजे यात यंत्रापेक्षा रीत महत्त्वाची, आणि त्यासाठी गणित पक्के लागते. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला नुसत्या नोकरीच्या आशेने तिकडे ढकलू नये.

आता कुठे शिकावे? बीड जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ नाही. आपली महाविद्यालये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९५८ साली निघाले व १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. तिथल्या संगणकशास्त्र विभागात, यंत्राला मराठी बोलणे कळावे यासाठी संशोधन झालेले आहे. जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. करता येते. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचे होते, २०२० पासून ते दोन वर्षांचे झाले. बी.सी.ए. साठी २०२४ पासून वेगळी सी.ई.टी. सुरू झाली आहे; तिची तारीख चुकवू नका.

लहान ठिकाणी उणिवा आहेतच, त्या झाकण्यात अर्थ नाही. मोठ्या कंपन्या नोकरी द्यायला तिथवर क्वचितच येतात, आणि इंग्रजी बोलण्याचा सराव होत नाही. पण वर सांगितलेली रजिस्टराची रीत पुण्यात जी, तीच अंबाजोगाईत. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. वर फुकट ऐकता येतात. पोराने रोज दोन तास स्वतः प्रोग्राम लिहिले, चुकले, दुरुस्त केले, तर गावाचे नाव आड येत नाही.

पैशाचेही नीट समजून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. परंतु प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात घातलेत, तर ही सवलत मिळत नाही. पुष्कळ पालकांना हे फी भरल्यावर समजते.

प्रवेशापूर्वी कॉलेजात स्वतः जा. प्रयोगशाळेत किती यंत्रे चालू आहेत, एका यंत्रावर किती मुले बसतात, संगणकाचे शिक्षक कायम आहेत की तासिकेवर, हे विचारा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी ऑफिसाबाहेर बोला; खरे तेच सांगतात. बियाणे घेताना आपण बेणे मोडून बघतो, मग इथे नुसत्या जाहिरातीवर का विसंबावे?

इतके करून पुणेच योग्य वाटले तर जरूर पाठवा. पण एकर विकण्याआधी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि सी.ई.टी.चा अर्ज ही तीन कामे उरकून घ्यावीत, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.